मागे धूसर राहिलेली गंगुबाई

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसते ती. माझं अंग पितळेचं, वरचा काळा रंग कडेने उडालेला. तरीही मला हातात घेतलं की लोक अजून "वा!" म्हणतात. पूर्वी ते ऐकून मी फुशारून जायची. हल्ली ऐकवत नाही. का, तेच आज सांगते.

माझा जन्म परदेशातला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या साहेबांनी यंत्रांचे फोटो काढायला मला कॅमेऱ्यासकट इथे आणलं. यंत्रं हसत नाहीत, लाजत नाहीत, त्यामुळे मी पार कंटाळले. निवृत्त होताना साहेबांनी मला आपल्या खात्यातल्या फिटरला, माजिवड्याच्या धाकूला देऊन टाकलं. धाकूचे वाडवडील मिठागरात राबलेले. त्या घरात कॅमेरा हातात धरणारा तो पहिलाच.

माझ्या कॅमेऱ्याची तऱ्हा निराळी. त्याच्या खिडकीतून समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. माझी कडी फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की तो माणूस स्पष्ट येतो. धाकू यात लवकरच तरबेज झाला आणि आसपासच्या गावांतली लग्नं त्याला मिळू लागली. मी रुंद नजरेची, त्यामुळे नवरीसोबत अख्खा मांडव फोटोत मावायचा. फ्लॅशचा भगभगीत उजेड धाकूला आवडायचा नाही. उजेड आत घेणारं माझं भोक तो पूर्ण उघडायचा आणि मांडवातल्या दिव्यांवरच काम भागवायचा. मग नवरीच्या पापण्याही वेगवेगळ्या दिसायच्या आणि मागचं सगळं धूसर व्हायचं.

हा धूसरपणा हीच माझी कीर्ती. लांबलचक लेन्स मागचं जग पुसूनच टाकतात. मी तसं करत नाही. माझ्या फोटोत मागचे दिवे कडेकडेने गरगर फिरल्यासारखे दिसतात आणि मागे माणूस आहे एवढं नक्की कळतं. तो कोण, ते मात्र कळत नाही.

आता गंगुबाईंविषयी सांगते. त्या धाकूच्या आई, आणि पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या धवलारीण. आगरी लग्नात धवला, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाऊन विधी लावणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. म्हणजे ज्या मांडवात मुलगा फोटो काढायचा, त्याच मांडवात आई गात असायची. नवरीच्या जरा मागे, कानावर हात ठेवून. हळदीचा प्रत्येक फोटो काढताना त्या माझ्या नजरेत होत्या. धाकूने माझी कडी मात्र कधी त्यांच्यापर्यंत फिरवली नाही.

एकदा त्यांनी स्वतःहून म्हटलं होतं, "धाकू, माजा पन येक फोटू कार ना रं."

"आये, तू तं घरचीच हायेस," धाकू हसून म्हणाला. "तुजा कवाबी कारू."

त्याच्या मनात खोट नव्हती. रोल लग्नघराचा, पाहुणे ताटकळलेले, आणि आई तर रोज डोळ्यांसमोर. एका वर्षी भातलावणीच्या दिवसांत गंगुबाईंना तापाने धरलं आणि बघता बघता त्या गेल्या. त्यांचा फोटो राहिला तो राहिलाच.

पुढे लग्नांत व्हिडिओवाले शिरले. धाकूने मला बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि मी तिथे वर्षानुवर्षं पडून राहिले. अंगावर बुरशीची जाळी चढली. अखेर त्याच्या मुलीला, कृतिकाला, मी सापडले. तिने मला स्वच्छ करून घेतलं, एक चकती जोडून नव्या कॅमेऱ्यावर बसवलं आणि माझ्या फोटोंचं मोबाइलवर कौतुक होऊ लागलं. म्हातारपणी असे दिवस आल्यावर डोकं फिरणारच. माझंही फिरलं.

ते कौतुक वाचूनच डोंबिवलीचा शौनक मला बघायला आला. जुन्या लेन्सचा नाद असलेला मुलगा. भिंतीवर धाकूने काढलेला हळदीचा एक फोटो होता. शौनकने नवरीकडे पाहिलंसुद्धा नाही. मागच्या धूसर भागावर बोट ठेवून तो म्हणाला, "काका, हा ब्लर बघा! कसला भारी आहे! असा नव्या लेन्समध्ये येतच नाय."

धाकू म्हणाला, "ती माजी आय हाय."

शौनकने बोट चटकन मागे घेतलं. "सॉरी काका," एवढंच कसंबसं बोलला. मित्रांनो, माझं इतकं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं, आणि इतकी लाजही मला कधी वाटली नव्हती.

तो गेल्यावर धाकू मुलीला म्हणाला, "आवाज आटवतो गं आयचा. तोंड आटवत नाय. आता कुटं बगू मी?"

कृतिकाने घरातल्या सगळ्या निगेटिव्ह काढून संगणकावर चढवल्या. माजिवड्यापासून शहाडपर्यंतची लग्नं. जवळजवळ प्रत्येक फोटोत गंगुबाई होत्या आणि एकातही त्यांचा चेहरा नव्हता. शेवटी तिने मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपला एक फोटो दिला. त्याने क्षणात धूसर ठिपक्यांतून बाई उभी केली. गुळगुळीत गाल, एकसारखे दात.

"पप्पा, बघा ना, आली!"

धाकूने चष्मा पुसून पाहिलं. "बरी हाय दिसाला," तो म्हणाला. "पन ही माजी आय नाय."

कृतिकाने तो फोटो पुसून टाकला. नंतर डोळे पुसत तिने कॅमेरा उचलला. "पप्पा, बसा इथे. निदान तुमचा तरी नीट काढते."

धाकू खुर्चीवर बसला. तिने माझी कडी फिरवून त्याचा चेहरा स्पष्ट केला. त्याच्यामागे स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको शालू भाकऱ्या थापत होती. मी नेहमीसारखी तिला विरघळवायला लागलेच होते. एवढ्यात धाकूने मागे वळून पाहिलं.

"थांब," तो मुलीला म्हणाला. "शालू, इकरं ये. पुढं बस."

"माजा कशाला? हात पिठाचे हायेत."

"पिठाचे तं पिठाचे. ये."

दोघं शेजारी शेजारी बसली. फोटो निघाला. शालूच्या बोटांवरचं पीठसुद्धा त्यात स्पष्ट आलं. धाकू तो फोटो बराच वेळ बघत राहिला.

"यवरंच तं कराचं व्हतं," तो म्हणाला आणि पोरासारखा रडला.

मित्रांनो, मला बुरशीपासून जपा, मऊ कापडाने पुसा, असं काहीतरी मी सांगेन अशी तुमची अपेक्षा असेल. ते राहू द्या. तुमच्या घरच्या फोटोंत दर वेळी मागे उभं राहणारं कोण आहे, ते आधी बघा. त्या माणसाला आजच पुढे बोलवा. मला कोणीतरी फिरवल्याशिवाय मी कोणाकडे बघू शकत नाही. तुमचं तसं नाही.