डिंफ्नाच्या टेबलाची धास्ती

मी एक जुने, भित्रे टेबल आहे. हसू नका मित्रांनो. ज्याचे लाकूड बुडालेल्या जहाजातून वाहत आले, त्याने शूर तरी कसे असावे? वादळानंतर आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्याला फळ्या लागल्या. लँगन सुताराने त्या वाळवल्या, रंधा मारला आणि मला चार पाय दिले. 'समुद्राचे लाकूड घरात आणले की मागून समुद्रही येतो,' असे शेजारणी म्हणाल्या आणि त्यांनी क्रूसाची खूण केली. तेव्हापासून माझ्या मनात धास्ती बसली ती बसलीच.

समुद्र काही आला नाही. आली डिंफ्ना, या घरची सून. मुले शाळेत गेली की ती लोण्याचे भांडे बाजूला सारून माझ्यावर लिहायला बसे. नवऱ्याशी अबोला धरलेल्या, इंग्लंडला पळून गेलेल्या, चाळिशीत प्रेमात पडलेल्या बायकांच्या कादंबऱ्या. पहिलीला गाव हसले. पुढे विमानतळावरच्या दुकानांत तिच्या पुस्तकांचे ढीग लागले, अमेरिकेतून पत्रे येऊ लागली, आणि हसणारेच 'आमची डिंफ्ना' म्हणू लागले. तिचे कौतुक मला माझेच वाटे.

गोष्टी तिला मिळत त्या माझ्याभोवतीच. शेजारणी चहाला येत, 'कुणाला सांगू नकोस हं' म्हणत आणि भडाभडा सांगत. जिची पुस्तके साऱ्या आयर्लंडमध्ये खपतात तिलाच ही ताकीद द्यायची, अशी आमच्याकडची तऱ्हा! डिंफ्ना केसांचा रंग बदले, गाव बदले, की झाले.

एकदा पलीकडच्या शेतावरची कन्सेप्टा टिअर्नी आली. अबोल बाई. चहा थंडगार झाला तेव्हा कुठे तिला कंठ फुटला. लग्नाआधी तिला एक मुलगी झाली होती. घरच्यांनी तिला नन्सच्या आश्रमात ठेवले. मूल कोणी दत्तक घेतले, कुठे नेले, हे तिला कधीच कळले नाही. नवरा मॅटला यातले काही ठाऊक नव्हते. दर ऑक्टोबरात, मुलीच्या जन्मदिवशी, ती चहाला एक कप जादा मांडे. मॅटला वाटे, तिच्या वारलेल्या आईच्या आठवणीसाठी.

डिंफ्नाने ती गोष्ट लिहिली. सगळे बदलले, पण तो जादा कप काही तिला सोडवेना. "एवढं एक राहू दे," ती पुटपुटली. मित्रांनो, मला ओरडावेसे वाटले. मॅटने वाचले तर? पण टेबल ओरडणार कसे? फार तर करकरते. मी करकरले. तिने माझ्या पायाखाली पुठ्ठा सारला.

पुस्तक निघाले आणि त्याच वसंतात आमच्या घराची पाळी आली. आमच्याकडे पाळीपाळीने एकेका घरी फादर येतात, घरातच मिस्साविधीची प्रार्थना होते आणि मग सगळ्या वस्तीला न्याहारी असते. घराला सफेदी झाली, कधीचे मोडलेले दार दुरुस्त झाले. फादरांना वाकावे लागू नये म्हणून मला विटांवर चढवले, पांढरे वस्त्र घातले. मी वेदी झाले! एरवी केवढा मान. पण मेणबत्ती लावताना डिंफ्नाचे लक्ष सारखे दाराकडे, आणि मेण त्या वस्त्रावर सांडले. विधीआधी ती फादरांपाशी पापनिवेदनाला बैठकीच्या खोलीत गेली, ती लवकर बाहेरच येईना.

प्रार्थना झाली, विटा निघाल्या, अंडी-सॉसेज आले. डिंफ्नाची नणंद युनिस म्हणजे जिभेला हाड नाही.

"काय गं डिंफ्ना, ती जादा कप मांडणारी कोण? मला तर बाई वास येतोय. आपल्यातलीच आहे कुणीतरी!"

मॅटचा चमचा अंड्यावर थांबला. त्याने बायकोकडे पाहिले. संपले सगळे, मला वाटले.

"आमच्याकडे मांडतात की, आईसाठी," कन्सेप्टा शांतपणे म्हणाली. "तुझ्या घरी जित्या माणसालाही दुसरा कप मिळत नाही युनिस, तुला कसं ठाऊक असणार?"

सगळे खो खो हसले. मॅटही हसला आणि अंडे खाऊ लागला. युनिस गाल फुगवून बसली.

माणसे पांगली. कन्सेप्टा कपबश्या विसळायला मागे राहिली, तेव्हा डिंफ्नाने तिचा हात धरला.

"माफ कर गं मला. जीव नुसता टांगणीला लागला होता. पण बाकी सगळं झाकलंय मी. तारीख बदलली, आश्रम बदलला, मुलीचा मुलगा केला. कुण्णाला कळायचं नाही."

"तेच तर केलंस," कन्सेप्टा म्हणाली. "तुझी पुस्तकं पार अमेरिकेत जातात. वाटलं, कुठंतरी माझी लेक वाचेल, म्हणेल, अगं बाई, हा तर माझाच जन्मदिवस. म्हणून सांगितलं होतं तुला. आता वाचलं तरी पान उलटेल ती."

तिने माझ्यावर डोके टेकले आणि ती रडली. 

कन्सेप्टा आता नाही. ती मुलगी कधी आली नाही. मी गोठ्यात पडले आहे, अंगावर रंगाचे डबे आहेत, आणि पाऊल वाजले की कुऱ्हाडच आली असे वाटते. मित्रांनो, कुणी तुमच्यापाशी मन मोकळे केले, तर ते झाकण्याआधी, सांगण्याआधी, तिलाच विचारा की हे कुणापर्यंत पोचायला हवे. मला विचारता आले नाही. मी लाकूड आहे. तुम्हाला तोंड आहे.