मगरसरांचा श्वास

पोहण्याच्या तलावावर तिचा बाबा ‘सर’ असायचा आणि घरी नुसता ‘बाबा’. काठावर “सर, तुम्ही” म्हणायचं, घरात पाऊल टाकलं की “बाबा, तू”. यात गफलत झाली तर चार फेऱ्या जास्त, पोटची पोर असली तरी! बाकीची पोरं पाठीमागे त्यांना ‘मगरसर’ म्हणायची, कारण पाण्यात ते कुठून येतील आणि कुणाचा वाकडा पाय धरतील याचा नेम नसायचा.

वर्ष झालं, मगर पाण्यात उतरली नव्हती. आधी खोकला, मग जिन्यात धाप, मग डॉक्टरांनी सांगितलेलं एक लांबलचक नाव. त्याचा अर्थ इतकाच, की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, उन्हात विसरलेल्या स्पंजासारखी. आता काठावर नवे सर उभे असतात. बिचारे चांगले आहेत, गोड बोलतात, आणि नेमकं तेच तिला सोसत नाही. श्वासासाठी मान वळवली की अजूनही तिचे डोळे काठावरचे ते दोन केसाळ, फेंगडे पाय शोधतात. एकदाच, बास एकदाच, बाबाने धप्पकन उडी मारून तिचा घोटा पकडावा, एवढंच तिला हवं होतं.

एक औषध होतं. पण भलतंच जालीम. कुणाला लागू पडायचं, कुणाची नुसती भूक आणि झोप उडवायचं. म्हणून डॉक्टर आधी छातीचा सीटी स्कॅन काढायचे आणि तो संगणकाला द्यायचे. त्या प्रोग्रामने हजारो रुग्णांची फुप्फुसं पाहिलेली होती आणि पुढे त्यांचं काय झालं हेही त्याला ठाऊक होतं. नवा स्कॅन आला की तो सांगायचा, अशा फुप्फुसांना औषधाचा उपयोग होतो की नाही.

बाबाच्या बाबतीत त्याने सांगितलं, नाही.

“दहातल्या एखाद्यालाच गुण येतो अशा गटात बसताय तुम्ही,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी पडदा वळवला. काळं दिसायला हवं तिथे पांढुरकं धुकं होतं. “एवढ्यावर हे औषध द्यायला माझं मन घेत नाही. त्रासच जास्त व्हायचा.”

“ठीक आहे,” बाबा म्हणाला. स्पर्धेत शेवटून पहिल्या आलेल्या पोराला म्हणायचा ना, अगदी तस्सं.

ठीक आहे काय, डोंबल! घरी येताच तिने चपला कोपऱ्यात भिरकावल्या, आणि चपला भिरकावल्या म्हणजे घरात वादळ येणार हे आईलाही माहीत होतं. संध्याकाळी बाबा पलंगावर टेकला तशी ती समोर उभी राहिली.

“तिथे त्या स्कॅनच्या यंत्रात काय काय केलंस, ते करून दाखव.”

“अगं, झोपायचं असतं नुसतं. त्यात काय कौशल्य लागतंय?”

“दाखव म्हणते ना!”

“दाखवा हो,” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “नाहीतर ती आपल्याला जेवू द्यायची नाही.”

बाबा आडवा झाला, हात डोक्यामागे घेतले, डोळे मिटले. तिने त्या यंत्रातून सूचना देणाऱ्या बाईचा निर्विकार आवाज काढला, “श्वास घ्या. धरून ठेवा.”

बाबाने छाती भरून घेतली. आणि मग तिला दिसलं. त्याच्या नाकपुड्या हलत होत्या. अगदी थोड्या. छाती इंच इंच खाली चालली होती, सावकाश, एका लयीत, तोंड घट्ट मिटलेलं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण ती सहा वर्षांची असल्यापासून त्याची विद्यार्थिनी होती.

“बाबा! तू सोडतोयस!”

“काय?”

“श्वास! नाकातून सोडतोयस!”

“मग?” बाबाने डोळे उघडले, खराखुरा चकित होऊन. “डोकं पाण्याखाली गेलं की श्वास कोंडायचा नाही, सोडत राहायचं. तीस वर्षं काय बोंबलतोय मी?”

“सर,” ती म्हणाली, घरात, उंबरठ्याच्या आत, “तिथे पाणी नव्हतं हो.”

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून ती बाबाला घेऊन स्कॅनच्या खोलीपाशी धडकली. तिथल्या तंत्रज्ञ ताई चष्मा कपाळावर चढवून डबा खात होत्या. तिचं सगळं ऐकून त्यांनी डबा तसाच मिटला आणि बाबाचा स्कॅन उघडला. छातीच्या वरच्या भागात आडवी कापल्यासारखी श्वासनलिका दिसत होती.

“छाती भरलेली असली की ही गोल दिसते. बांगडीसारखी,” त्या म्हणाल्या. मग बोट थांबलं. बाबाची बांगडी मागच्या बाजूने आत चेपलेली होती. “अगं बाई. अर्धी रिकामी झालीत ही फुप्फुसं. हवा कमी असली की सगळं पांढरं दिसतं. त्या प्रोग्रामला काय कळणार? त्याला वाटलं, रोगच तेवढा आहे.” त्यांनी चष्मा खाली ओढला. “हे मी बघायला हवं होतं. माझी चूक.”

“माझी,” बाबा म्हणाला. “मी फार चांगला पोहतो.”

डॉक्टरांना फोन गेला, स्कॅन पुन्हा झाला. या वेळी यंत्रातल्या बाईला बाजूला सारून ताईंनी माईक तिच्या हाती दिला.

“श्वास घ्या, सर,” ती म्हणाली. “धरा. कोंडा. सोडलात तर चार फेऱ्या!”

तीन दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. आता प्रोग्राम म्हणत होता, दहातल्या सहांना उपयोग होतो अशी ही फुप्फुसं आहेत.

“सुरू करू या,” डॉक्टर म्हणाले.

“म्हणजे बाबा पोहेल?”

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. “जे कडक झालंय ते मऊ होत नाही, बेटा. उपयोग होतो म्हणजे आहे ते टिकतं.”

बाबा दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीपाशी गेला. ती मागे राहिली. डॉक्टरांनी तुलनेसाठी उघडलेला दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन अजून पडद्यावर तसाच होता, खोकला नवा होता तेव्हाचा. काळाभोर. दोन्ही बाजूंना नुसती हवाच हवा. ही हवा घेऊन तो काठाने पळत यायचा, ओरडायचा, घोटा धरायचा. ती पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली.

“कोण गं हा?” मागे बाबा उभा होता, हातात औषधांची पिशवी.

“तूच.”

त्याने वाकून पाहिलं. “देखणा होता की.”

ती हसली. हा पडद्यावरचा माणूस तिला परत हवा होता, आत्ताच्या आत्ता, लहान पोरीच्या हट्टाने. आणि तिच्या खांद्याशी जो होता तो खिडकीपासून इथवर चालून आल्याने धापा टाकत होता.

“चल,” बाबा म्हणाला. मग म्हणाला, “थांब जरा.”

तो बाकावर बसला. तीही शेजारी बसली, त्याची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन, आणि त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत तिने अजिबात घाई केली नाही.