गफ्फारच्या हाताला बांधलेली पिंजण

मित्रांनो, मी एक जुनी पिंजण आहे. खरे सांगायचे तर पिंजणीचा उरलेला तुकडा. एके काळी मी खामगावच्या गफ्फार पिंजाऱ्याची लाडकी होते. लांब दांडा, टोकाला रुंद फळी आणि वर ताणलेली तात, म्हणजे आतड्याची चिवट दोरी. गफ्फार तातीवर ठोका घाली आणि माझ्या 'तुंग तुंग' आवाजासरशी दबलेला कापूस फुलून उडे. थंडी जवळ आली की गाद्या-रजयांसाठी लोक आमच्या दाराशी खोळंबत. "गफ्फारभाईची पिंजण बोलते," असे ते म्हणत, आणि मी जराशी शेफारलेच होते.

एकोणीसशे अठरा साली एका दुपारी कुणाच्या तरी विडीची ठिणगी कापसात पडली. बघता बघता खोली पेटली. गफ्फार बाहेर पळाला होता. पण मी आत राहिले म्हणून परत शिरला. मला ओढून काढताना त्याचा उजवा हात मनगटापासून दंडापर्यंत भाजला. मला नुसती काजळी लागली.

दवाखान्यात डॉक्टरसाहेब म्हणाले, मांडीची पातळ कातडी काढून कोपरावर लावू, हात कामाचा होईल. पण त्याच आठवड्यात तापाची मोठी साथ आली. घरोघरी माणसे पटापट मरू लागली. कंपाउंडर किसनरावांनी गफ्फारला दारातूनच परत पाठवले.

"आपरेशनच्या टेबलावर बी तापाचे रोगी निजवले, भाऊ. साहेब गावोगाव फिरून राह्यले. ते येईपर्यंत हात सरळ बांधून ठेवा. दुमडला त तसाच चिटकीन."

बांधायला फळी हवी होती. दवाखान्यातल्या फळ्या संपलेल्या, सुतार तापाने पडलेला, आणि होते नव्हते ते लाकूड सरणाला गेलेले. गफ्फारची बायको अमीरबी हिने खोलीभर पाहिले. तिची नजर माझ्यावर थांबली.

"तिले हात लावू नको," गफ्फार ओरडला. "पोट हाय ते आपलं!"

"हात राह्यला त पिंजण दुसरी येईन. हातच गेला त वाजवीन कोन?" असे म्हणून तिने माझ्यावर करवत चालवली.

तेव्हापासून माझा हा उरलेला तुकडा त्याच्या हाताखाली जखडला गेला, आणि तो माझ्यावर. दार बंद, बाहेर साथ. कापूस उडवणारी मी मलमाच्या चिंध्यांत गुदमरत पडले. हात दुमडून छातीशी घेतला की त्याचा ठणका कमी होई, आणि मी तर दुमडू देत नव्हते. "सोड मले, अमीर, पाया पडतो," तो विनवी. ती मान फिरवून गाठ आवळी. मला त्याचा तुरुंग व्हावे लागले याचे फार वाईट वाटे. रोज वाटे, आज बोलावणे येईल. दवाखान्यातून कुणीच येत नव्हते.

मग अमीरबीलाच ताप भरला. ती उठेना, तेव्हा गफ्फारने दातांनी गाठ सोडली. हात हळूहळू छातीकडे आला आणि त्याने सुटकेचा श्वास टाकला. मी जमिनीवर घरंगळले. मला ओरडायचे होते. पण माझी तात केव्हाच गेली होती.

अमीरबीने ते पाहिले. भिंतीच्या आधाराने ती सरकत आली. तिने ओढणी फाडली, त्याचा हात माझ्यावर लांब केला आणि मनगटाशी गाठ मारली.

"आता सोडू नको," ती म्हणाली. "मी परत बांधाले नसीन."

दुसऱ्या दिवशी ती गेली.

पुढे शेजारच्या रुखमाबाई तोंडाला पदर लावून येत आणि कोपराचे मलम बदलत. मनगटाच्या गाठीला हात लागला की गफ्फार म्हणे, "ते राहू द्या, मावशी. तिनं बांधली हाय." इतके दिवस 'सोड, सोड' म्हणणारा तो आता मला सोडायला तयार नव्हता.

साथ ओसरल्यावर डॉक्टरसाहेब परतले. दवाखान्यासमोर भाजलेली माणसे बसली होती. कुणाची हनुवटी छातीला चिकटलेली, कुणाची बोटे मुठीत मिटलेली. साहेब एकेकाला पाहून मान खाली घालत होते. गफ्फारचे कोपर मात्र सरळ होते. त्यांनी ओढणी गाठीपासून दूर कापली, मला बाजूला ठेवले आणि कातडी लावली. ती नीट रुजली.

आज तो नव्या पिंजणीवर काम करतो. तिचा आवाज माझ्यासारखा नाही, हे मी म्हणणारच. मी उंच खुंटीवर असते, आणि ओढणीची ती गाठ अजून माझ्या टोकाला आहे. मित्रांनो, साथ आली की सारे तापामागे धावतात, आणि भाजलेला माणूस बंद दाराआड वाट पाहत राहतो. त्याच्याकडेही कुणी जात जा, आणि त्याने कितीही विनवले तरी त्याची गाठ सोडू नका.

काम आटोपले की गफ्फार मला खाली घेतो, पुसतो आणि पुन्हा टांगतो. खुंटीपर्यंत पोचायला उजवा हात पुरता लांब करावा लागतो. तो करतो.