कुणालचं हेल्मेट कुठे गेलं?

मकरपुऱ्यात कवचबापूंच्या मंडपात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध चौथऱ्यावर एक चेंबलेली मोटरसायकल झेंडूच्या हारांनी मढवून ठेवली होती. लोक तिच्या वाकलेल्या चाकाला हात लावत आणि तो हात डोळ्यांना लावत.

"जुओ, जुओ, नीट बघा!" बापू माइकमधून गरजले. "लोखंड वाकलं, भक्त वाकला नाही! करजणच्या हायवेवर टेम्पोला धडक, डोक्यावर हेल्मेट नाही, तरी जीव शाबूत! कोणी वाचवलं?"

"कवचानं!" मंडप ओरडला.

बापूंच्या शेजारी कुणाल बसला होता. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या दंडावर बापूंचं कवच, म्हणजे तांब्याचा ताईत. आपला नवरा असा प्रदर्शनात मांडलेला पाहून यशश्रीच्या तळपायाची आग मस्तकात जात होती.

कुणालला अपघाताच्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. तो शुद्धीवर आला तेव्हा कंपनीतला धनाजीराव, बापूंचा जुना भक्त, उशाशी होता. "हेल्मेट तू कंपनीतच विसरलास," त्यानं सांगितलं होतं. "पण बापूंचं कवच मी सकाळीच तुझ्या दंडाला बांधलं होतं." कुणालनं विश्वास ठेवला. यशश्रीनं शंका काढली की घरात भांडण ठरलेलं.

भांडण घरापुरतं राहिलं असतं तर तिनं सोसलंही असतं. पण महिन्याभरात कंपनीतल्या निम्म्या कामगारांची हेल्मेटं खुंटीला लागली. दहा दिवसांपूर्वी वाघोडियाच्या रस्त्यावर केयूर नावाच्या कामगाराची गाडी वाळूवरून घसरली. दंडावर कवच होतं. डोकं दुभाजकावर आपटलं आणि तो जागीच गेला. बापू म्हणाले, "श्रद्धा कच्ची होती." हे ऐकूनही त्याची आई कमला आज मागच्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

यशश्री सरळ चौथऱ्यापाशी गेली.

"आवो बेन, तुमचा अनुभव सांगा!" बापूंनी हौसेनं माइक पुढे केला.

"अनुभव नाही, कागद आहे." तिनं पर्स उघडली. "काल विम्यासाठी इस्पितळातून फाइल घेतली. कुणालला आणलं तेव्हा अंगावर काय काय होतं, त्याची ही यादी. घड्याळ, पाकीट, बूट आणि एक हेल्मेट, फुटलेलं. कवचाचं नाव नाही. सामान ताब्यात घेतल्याची सही धनाजीरावांची."

तिनं तो कागद लोकांसमोर धरला.

"खोटा कागद!" बापू ओरडले. "नास्तिक बाई, भस्म होशील!"

"होईन तेव्हा होईन. धनाजीराव, हेल्मेट कुठंय?"

बापूंच्या मागे उभा असलेला धनाजीराव पुढे आला. "वहिनी... बापूंच्या पलंगाखाली आहे. कवच मी रात्री वॉर्डात बांधलं. बापू म्हणाले, हेल्मेट दिसलं तर महिमा जातो."

कुणाल ताडकन उठला. बापूंचे चेले आडवे आले, पण त्यांना बाजूला सारून तो मंडपामागच्या बापूंच्या खोलीत गेला आणि हेल्मेट घेऊन आला. कवचावर साधा ओरखडाही नव्हता, हेल्मेट मात्र तडकलेलं होतं. आतलं थर्माकोल एका बाजूनं दबून बोटभर खोल गेलं होतं. त्या खळग्यात त्यानं हात घातला आणि खाली बसला.

यशश्री वाघोडियाच्या कारखान्यात फ्रिजच्या पॅकिंगची तपासणी करायची. खोकी उंचावरून पाडायची आणि आतलं काय फुटतं ते पाहायचं, हेच तिचं काम. तिनं पिशवीतून दोन नारळ आणि एक नवं हेल्मेट काढलं.

"बापू, या नारळाला तुमच्या हातानं कवच बांधा."

"नारळाला श्रद्धा नसते!"

"रस्त्याला तरी कुठे असते?"

कुणीतरी हसलं. कुणालनं दंड पुढे केला, तिनं त्यावरचं कवच सोडून नारळाला बांधलं. यशश्रीनं चौथऱ्यावर चढून नारळ डोक्याच्या उंचीवरून फरशीवर सोडला. फटकन दोन भकलं झाली, पाणी बापूंच्या गादीपर्यंत उडालं. दुसरा नारळ हेल्मेटमध्ये फडक्यानं घट्ट बसवून तिनं तितक्याच उंचीवरून सोडला. धप्प! नारळ अख्खा.

"डोकं रस्त्यावर आपटलं की जागच्या जागी थांबतं," ती म्हणाली. "सगळा दणका कवटीवर येतो. आत थर्माकोल असलं की ते दबत जातं, डोक्याला थांबायला बोटभर जागा मिळते. जागा मिळाली की दणका हलका होतो. ही गाडी वाकली तीही काही पुण्याईनं नाही. धडकेचा जोर कुठेतरी जिरावा लागतो, त्यातला थोडा या लोखंडात जिरला. चमत्कार म्हणतात तो एवढाच."

बापू मागच्या दारानं निघाले होते. बाहेरच्या कामगारांनी त्यांना तिथंच अडवून पोलिसांना फोन लावला.

कमला गर्दीतून वाट काढत पुढे आली. "पोरी, माझ्या केयूरची श्रद्धा कच्ची नव्हती ना?"

"नाही मावशी. त्याचं डोकं उघडं होतं, एवढंच."

कमला रडू लागली. यशश्रीनं तिला जवळ घेतलं आणि माइक न घेताच लोकांकडे वळली.

"देव मानायचा तर माना, मी आड येत नाही. पण जो माणूस तुम्हाला हेल्मेट काढायला सांगतो, त्याला आधी विचारा, का? पुरावा मागा. आणि उद्या सकाळी गाडीला किक मारण्याआधी हनुवटीखालचा पट्टा लावा."