सादुल्लाहची मुलगी

"यात माझी कुठाय?" झरमीनाने विचारले.

तिचे बोट संगमरवरावरून ओळीओळीने खाली येत होते. अक्षरे तिला लेकीने शिकवली होती, तीही पुरती नव्हे. पण एक नाव ती झोपेतसुद्धा वाचू शकली असती. ते नाव शिळेवर नव्हते. गेल्या वर्षी बंदूकधारी विद्यापीठात शिरले आणि वर्गावर्गांतून गोळ्या झाडत गेले. त्यांत मेलेल्यांची ही शिळा उद्या मंत्र्यांच्या हस्ते उघडायची होती, म्हणून घरच्यांना आज दाखवायला बोलावले होते.

सादुल्लाहने ओळ दाखवली. "ही बघ. 'सादुल्लाह पिंजाऱ्याची मुलगी, विधी शाखा.'"

"हे तर तुमचं नाव."

"माझंच."

"मग तुम्ही मेलात का?"

बुरख्याच्या जाळीआडचे डोळे त्याला दिसत नव्हते, हे एका परीने बरेच होते.

मुलग्यांची नावे शिळेवर रीतसर होती. एक जण गझला लिहायचा, तर त्याचे टोपणनावही आठवणीने कोरले होते. मुली मात्र कोणाच्या तरी मुली होत्या. एकीचा बाप हयात नव्हता, ती भावाची बहीण झाली होती. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता, हेच भयंकर. स्मारक समितीत तीन प्राध्यापक होते, पैकी एकाने परदेशात जाऊन 'कायद्यातील व्यक्ती' या विषयावर प्रबंध लिहिला होता. परक्या पुरुषाने बाईचे नाव घेणे तिथे बेअदबी; बापासमोर त्याच्या तरुण मुलीचे नाव उच्चारावे लागू नये म्हणून त्यांनी ते विचारलेच नाही. सभ्यता इतकी तरल असू शकते. गोळ्या झाडणारे इतके सुसंस्कृत नव्हते. त्यांनी मुलगा-मुलगी असा भेद केला नाही.

आणि सादुल्लाहला रागावायला तोंड तरी कुठे होते? रजयांच्या बाजारात जन्मभर कापूस पिंजला. त्याच्या पिंजणाचा आवाज सारा बाजार ओळखी, पण त्याच्या मुलीला काय म्हणतात हे कोणाला ठाऊक नव्हते. तिला न्यायला यायचा तेव्हाही फाटकावर सांगायचा, "सादुल्लाहच्या मुलीला म्हणावं, बाबा आलेत." त्या दिवशी इस्पितळात नाव विचारले, तेव्हाही तो "माझी मुलगी" एवढेच म्हणाला होता. विचारणाराही मुलीचा बाप असावा. त्याने पुन्हा विचारले नाही. निमूटपणे एकेक चादर उचलून दाखवत गेला.

प्रबंधवाले उस्ताद नूरगुल आपल्या खोलीत होते. त्यांनी वेलदोड्याचा हिरवा चहा मागवला.

"काका, तुमच्या इज्जतीचाच विचार केला आम्ही. उद्यापासून इथं शिपाई, टॅक्सीवाले, भाजीवाले, सगळे वाचणार."

"वाचू द्या."

"आज म्हणाल वाचू द्या. उद्या बाजारात कोणी नाव घेऊन टोमणा मारला, की माझ्याच दारात दगड घेऊन याल."

"दगड तर तुम्हीच आणून उभा केलाय, उस्ताद."

नूरगुल हसले, मग हसू आवरून म्हणाले, "आता जागा कुठाय? कारागीर दादमीरला विचारा. तो हो म्हणाला तर माझी ना नाही." विद्वानाचा नकार सहसा दुसऱ्याच्या तोंडून येतो.

दादमीर शिळेच्या कडा घासत बसला होता. भोवती इतर मुलींचे बाप आणि काही शिपाई उभे होते.

"एकाला एकच ओळ, काका. वर बारीक कोरलं, तर वाटेल नंतर आठवलं."

"नंतरच आठवलंय."

"मग तुमचं नाव उडवावं लागेल. घासलं की तिथं खळगा पडणार. आणि कोणाची मुलगी, ते मग कोणाला कळायचं?"

"कोणाची ते कळतंच आहे, बाबा. कोण, ते कळत नाही. घास."

"सांगा मग नाव."

घरात ते नाव दिवसातून कितीदा घेतले होते: पाण्यासाठी, रागावताना, उगाचच. इथे एवढ्या पुरुषांत त्याने आधी आजूबाजूला पाहिले. शेजारच्या एका बापाने, रस्त्याने बाई जाताना फिरवावे तसे, अदबीने तोंड फिरवले.

"स्पोगमय," सादुल्लाह पुटपुटला.

दादमीरचीही नजर खाली गेली होती. "मोठ्यानं, काका. आमच्या धंद्यात कान आधी जातात."

"स्पोगमय!"

आवाज अंगणातून आत हाक मारावी तसा निघाला. झरमीना भिंतीशी उभी होती, ती दोन पावले पुढे आली आणि तिथेच थांबली.

घासायचे यंत्र सुरू झाले. आधी पिंजारी गेला, मग सादुल्लाह, शेवटी मुलगी. पांढरी भुकटी त्याच्या जाकिटावर बसत राहिली. दादमीरने जागा पुसली, कोळशाने अक्षरे आखली आणि छिन्नी घेतली. तोंड फिरवलेला तो बाप अजून गेला नव्हता.

दुपारच्या नमाजाची वेळ टळली, तेव्हा नाव पुरे झाले; त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ चंद्र. घासल्यामुळे ती ओळ इतरांहून नखभर खोल बसली होती. ऊन तिरपे झाले. बाकीची नावे अजून उजळ होती. त्या खळग्यात मात्र सावली आधी साचली, आणि सगळ्यांच्या आधी स्पोगमयच्या नावावर संध्याकाळ झाली.