चहा कोणी आणला?

मित्रांनो, मी एक जुनी, चांगली दीड किलोची कादंबरी आहे. माझ्यात अकरा विद्वान एका दिवाणखान्यात बसून सहाशे पाने एकच वाद घालतात: माणूस म्हणजे काय? अकराही जण गोरे. तसे कुठे लिहिलेले नाही. रंग सांगावा लागतो तो इतरांचा, आणि इतर माझ्यात नाहीतच. छापून आले तेव्हा लोकांनी मला डोक्यावर घेतले. 'हे प्रत्येक माणसाचे पुस्तक' असे म्हणाले. मीही ते खरे धरले.

पुढे वाचनालयाच्या कपाटात आले. तिथल्या ग्रंथपालांना सगळे खोडरबरबुवा म्हणत. परत आलेले पुस्तक ते पानन् पान चाळत आणि पेन्सिलीची खूण दिसली की खोडत. वाचत मात्र नसत.

शेजारच्या दवाखान्यातली एक परिचारिका दुपारच्या सुट्टीत खिडकीशी बसून मला वाचायची. रंगाने काळी, दूरच्या मुलखातून आलेली. एकशे बाराव्या पानावर 'चहा आला' असे वाक्य आहे. तिने शेजारी बारीक अक्षरात लिहिले, 'कोणी आणला?' बुवांनी खोडले. तिने पुन्हा लिहिले. असे चारदा झाले. पाचव्यांदा बुवा तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"सिस्टर, पुस्तक सगळ्यांचं आहे. आता लिहिलंत तर कार्ड बंद."

"सगळ्यांचं? मग यात माझ्यासारखं एक तरी माणूस दाखवा, काका. पेन्सिल टाकून देते."

"ते मला काय विचारता? मी नुसता सांभाळणारा."

तिने कार्ड टेबलावर ठेवले आणि ती निघून गेली.

बुवांनी पुन्हा खोडले, आणि पान फाटले. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून असे झाले नव्हते. चिकटवता चिकटवता ते भोकाभोवतीचे वाचू लागले. मग पहिल्या पानापासून. सतरा दिवस लागले. चहा एकोणतीस वेळा आला होता, दिवे आपोआप लागले होते, बग्गी दाराशी उभी होती. हे करणारे माणूस कुठेच नव्हते. शेवटच्या कोऱ्या पानावर बुवांनी स्वतः पेन्सिलीने लिहिले, 'शोधले. सापडले नाही. तुमचे बरोबर होते.' तिचे कार्डही तिथेच ठेवले. ती आली नाही.

मला काय वाटले म्हणाल, तर काहीच नाही. इतकी वर्षे माणसावर बोलून बोलून मी बधिर झाले आहे.

मित्रांनो, पुस्तके जपा, असे शेवटी सांगायची रीत आहे. मला तर सगळ्यांनी जपले. फाटलेले पानसुद्धा चिकटवले. तुम्ही विचारणाऱ्याला जपा. खिडकीशी तिची खुर्ची अजून आहे. बुवा ती रोज पुसतात.