गव्हाणीतला चिमटा

मी एक जुना लाकडी चिमटा आहे, दोरीवर वाळत घातलेले कपडे धरणारा. मित्रांनो, माझी गोष्ट मी थोडक्यातच सांगणार आहे, कारण फार बोलायचं त्राण आता उरलेलं नाही.

खिडक्यांच्या चौकटी करून उरलेल्या लाकडातून एका सुताराने दोन पट्ट्या तासल्या आणि मधे स्प्रिंग बसवली. त्याच्या बायकोने मला उघडून मिटून पाहिलं आणि म्हणाली, "पकड चांगली आहे." मी हरखून गेलो. ज्याची पकड चांगली, त्याच्याच वाट्याला ओली चादर येते, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

मी ज्या घरात आलो तिथे आई, दादा आणि धाकटी पिटुकली राहतात. बाबा ट्रक घेऊन लांब लांब जातात, घरी कमीच असतात. आई दवाखान्यात आया आहे. दिवसभर ती रुग्णांना उठवते, बसवते आणि घरी येऊन बादलीभर कपडे पिळते. वारा सुटला की बाकीचे चिमटे पटापट खाली उड्या मारायचे. मी मात्र दातओठ खाऊन लोंबकळत राहायचो. "हा माझा शहाणा," असं म्हणत आई सगळ्यांत जड चादर माझ्याच गळ्यात घालायची. कौतुकानेच माझं कंबरडं मोडलं, दुसरं काय!

पुढे स्प्रिंग गंजली. आईच्या पांढऱ्या गणवेशावर माझा डाग पडला आणि माझी रवानगी खिडकीतल्या डब्यात झाली. सुटलो एकदाचा, असं वाटायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. तिथेही खिळ्यांच्या गर्दीत मी उभाच होतो, तोही डोकं खाली करून.

मग नाताळ आला. घर बदलताना येशूजन्माच्या देखाव्यातल्या मातीच्या मूर्ती फुटल्या होत्या, म्हणून यंदा चिमट्यांच्या मूर्ती करायच्या ठरल्या. दादाने बुटांच्या खोक्याचा गोठा केला. निळ्या चिंधीची मरिया झाली, तपकिरी चिंधीचा योसेफ आणि उरलेल्या चिंध्यांचे मेंढपाळ. पिटुकलीला त्याने डिंकाला हातसुद्धा लावू दिला नाही. "तू सगळे एकमेकांना चिकटवून ठेवशील," म्हणाला.

पिटुकली फुरंगटून खिडकीशी गेली. तिने मला डब्यातून काढलं, आईच्या जुन्या रुमालात गुंडाळलं आणि पेनाने दोन डोळे काढले, एक लहान, एक मोठा. "हा बाळ येशू. मी केला," ती म्हणाली.

गव्हाणी म्हणून दादाने काडेपेटी ठेवली होती. तिच्यात माझं डोकंही मावेना. दादा हसत सुटला. "अगं, बाळ आईएवढं असतं का कधी? थांब, मोडून अर्धा करतो." त्याने दोन्ही हातांनी मला धरलं. पिटुकली रडली नाही, पण तिचा चेहरा एवढासा झाला. तिने केलेलं तेवढंच तर होतं.

तेवढ्यात आई आली. चपला काढून ती दाराला टेकून उभी राहिली. दोघांचं गाऱ्हाणं एकदमच ऐकून घेतलं.

"दादा, तू उंचीने माझ्या खांद्याला लागलास," ती म्हणाली. "तरी दमलास की माझ्याच मांडीवर डोकं ठेवतोस ना? मग हा मोठा असला म्हणून काय झालं?"

तिने साबणाचा रिकामा खोका आणला, त्यात फळांच्या पेटीतला पेंढा पसरला आणि मला अलगद निजवलं. मग वाकून पाहिलं. "अरे, हा तर माझा शहाणा."

मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा माझी पाठ टेकली. मला रडूच आलं.

आई बादलीकडे वळली, तर पिटुकलीने तिचा पदर धरला. "बाळ झोपलं. आता तू."

"आणि कपडे कोण वाळत घालणार?"

दादाने बादली उचलली आणि तो बाहेर गेला. आई तिथेच, गोठ्याशेजारी चटईवर आडवी झाली आणि बघता बघता तिचा डोळा लागला.

दादाने कपडे वेडेवाकडे वाळत घातलेत. आत्ताच एक मोजा खाली गेला. जाऊ दे.

माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात जो सगळं घट्ट धरून ठेवतो, त्याची पकड चांगली आहे म्हणून सगळं त्याच्यावरच टांगू नका. त्यालाही कधी पाठ टेकू द्या. आणि मित्रांनो, जरा हळू बोला. ती अजून झोपली आहे.